किनाऱ्याला लागल्यावर

देवजीने मरायलासुद्धा अडचणीचाच मुहूर्त शोधला. ऐन वैशाखात, सकाळी ओट्यावर जाळं सांधता सांधता तो कलंडला, तो उठलाच नाही. डॉक्टर येऊन मान हलवून गेले आणि ऊन चढायच्या आत अर्धं वाढवण गाव दारात जमलं. अंगणात त्याचा थोरला भाऊ तिरडीसाठी बांबू तोडून घेत होता. मुलगा दिपक फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होता. आत चंद्रिका नवऱ्याच्या उशाशी बसली होती. तिला रडायलाही सवड नव्हती, कारण जो तो तिच्याच तोंडाकडे बघत होता.

घोळ होता तो देहदानाचा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला दिपकची मुलगी रुपल घरी आली होती. डॉक्टरकीला गेलेली गावातली ही पहिली पोर, पण कॉलेज मिळालं ते पार विदर्भात. आजोबांनी कौतुकाने विचारलं, शिकवतात काय गो तुला? ती म्हणाली, शिकवतात माणसाच्या देहावर, पण देहच मिळत नाहीत. एका टेबलाभोवती ही गर्दी. "मी पडले ठेंगणी. मागे टाचा उंचावून उभी राहते, तरी पुढच्याची पाठच दिसते." देवजी खोकला येईस्तोवर हसला.

पुढच्याच आठवड्यात तो दिपकला घेऊन गेला आणि त्यातल्या त्यात जवळच्या मेडिकल कॉलेजात नाव घालून आला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "घोळ मासा कसा, पोटातल्या फुग्यासकट सगळा कामाला येतो. जन्मभर मी घोळच घातला, आता घोळ होऊन जातो. तू फक्त नाही म्हणू नको." चंद्रिका बोंबील सुकत घालत होती. मागची कटकट जावी म्हणून ती "बरं" म्हणाली. मासळी बाजारात गिऱ्हाइकाला जन्मात कधी पटकन "बरं" न म्हणणारी बाई, आणि इथे अशी सापडली.

कॉलेजवाल्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की नुसती मयताची इच्छा पुरत नाही, घरच्यांनी देह स्वतः सोपवावा लागतो. दिपकने सकाळी गाडी बोलावली खरी, पण तेवढं करून अंग काढून घेतलं. "आये, बाबांनी शब्द तुझ्याकडून घेतलाय. तू म्हणशील तसं." मोठा शहाणा.

आणि तिला तर हे मुळीच नको होतं. परक्या पोरांनी त्याच्या अंगाला सुरी लावायची, या विचाराने ती त्याच्या अंगावरची चादर पुन्हा पुन्हा वर ओढत होती. तिला त्याची राख हवी होती, दहाव्याचा कावळा हवा होता, चारचौघींसारखं ऊर बडवून रडायचं होतं. नवऱ्याचा तिला भयंकर राग आला होता. मरून मोकळा झाला आणि हिला अडकवून गेला.

"जीव अडकेल गो त्याचा," शेजारची हंसा कानाशी लागली. दीर दारातून बोलले, "कावळ्याला काय सांगशील? वाट बघ म्हणून?" चंद्रिका कात्रीत सापडली. हो म्हणावं तर गाव तुटतं, नाही म्हणावं तर शब्द मोडतो.

तेवढ्यात दिपक आत आला. तलासरीजवळ हायवेवर ट्रक आडवा झाला होता आणि कॉलेजची गाडी त्यामागे अडकली होती. कधी सुटेल याचा नेम नव्हता. एवढ्या उन्हात उशीर झाला तर देह शिकवण्याच्या कामाचा राहणार नाही, तुम्ही विधी उरकलेत तरी आमचं काही म्हणणं नाही, असा गाडीवाल्यांचा निरोप होता.

"चला," दीर म्हणाले. "देवानेच सोडवलं."

दिपकने फोन तिच्या कानाला लावला. पलीकडे रुपल रडत होती. "आजी, तुझं मन नसेल तर नको. आजोबा नाही रागवायचे."

म्हणजे सगळीच दारं उघडली होती. तिला काही करायचंच नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. तिला इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. माणसं आत आली, त्यांनी देवजीला उचललं आणि त्याचे पाय तिच्या तोंडासमोरून गेले. खारं पाणी खाऊन भेगाळलेल्या त्या टाचा तिने बघितल्या आणि तिला टाचा उंचावून उभी राहिलेली रुपल आठवली.

"थांबा. खाली ठेवा त्याला," ती म्हणाली. "दिपक, कारखान्यातून बर्फाच्या लाद्या घेऊन ये."

दीर चिडले. "चंद्रिका, मयताचं काम पुरुषांचं. तू मध्ये पडू नको."

"भावजी, मासळी पाण्यात असते तोवर तुमची. किनाऱ्याला लागली की बाईची. मग कुणाला द्यायची ते बाई ठरवते. आजवर कुठल्या नाखव्याने विचारलंय?"

तिथला एकूण एक पुरुष होडी लागली की मासळी बायकोच्या पाटीत ओतून पाठ फिरवणारा. दिरांनी हातातला बांबू भिंतीला टेकवून ठेवला.

जिंकली, पण आता सुटायला कुठूनच वाट उरली नाही. आता बोल लावायला दिराचं नाव नाही, देवाचं नाही, ट्रकचंही नाही. जे होईल ते तिचं एकटीचं.

लाद्या आल्या. तिने आणि हंसाने बर्फ कुटला. पाणी खाली निथळावं म्हणून फळी तिरकी लावली, आधी खाली थर, मग कुशीत, काखेत, मानेच्या दोन्ही बाजूंनी. हात आपोआप चालत होते. पापलेटं भरताना चालतात तसेच चालत होते, आणि त्या हातांची तिला भीती वाटली. चेहऱ्यावर मात्र तिने बर्फ घातला नाही. तिथे ती पदराने वारा घालत बसली. पाणी वितळून ओट्यावरून अंगणात गेलं, तिने पुन्हा बर्फ घातला.

ऊन कलताना गाडी आली. पहिला खांदा दिरांनीच दिला. गाडीतल्या पोराने विचारलं, देह कोण सोपवतंय? दिपकने आईकडे बघितलं. "मी," चंद्रिका म्हणाली आणि कागदावर त्याने दाखवलं तिथे अंगठा उठवून शेजारी कसंबसं नाव काढलं.

गाडीचं दार लावायची वेळ आली तेव्हा तिने ते धरलं. लोकांना वाटलं, फिरली. क्षणभर तिलाही तसंच वाटलं, कारण बोटं सुटत नव्हती.

"मावशी, काही राहिलं का?" पोराने विचारलं.

"तिथल्या सरांना सांग," ती म्हणाली, "ठेंगण्या पोरींना पुढे उभं करा."

तो हो म्हणाला. मग तिने दार सोडलं.