पाच वॉकची सरासरी

टेबलावर सात बूट होते. चार डाव्या पायाचे, तीन उजव्या पायाचे. त्यातले दोन जोड आमच्या प्रयोगशाळेतले, सोल घासून-पुसून तयार ठेवलेले. एक जोड लाँड्रीच्या सुपरवायझरने काखोटीला मारून आणलेल्या बंद खोक्यातला. आणि सातवा, एकटा डावा, माझ्या ताईचा. त्याचा उजवा जोडीदार हॉस्पिटलात कात्रीने कापून काढावा लागला होता, कारण तोवर ताईचा घोटा त्यात मावेनासा झाला होता.

आमची कंपनी ओल्या फरशीवर काम करणाऱ्यांसाठी बूट बनवते. ते किती घसरतात हे मोजणं माझं काम. मशीनला एक लोखंडी पाऊल आहे. त्याला बूट चढवायचा, खाली साबणाच्या पाण्याने भिजवलेली फरशी ठेवायची, बटण दाबायचं. पाऊल फरशीवर दाबलं जातं, वीतभर सरकतं आणि आकडा येतो; आकडा जितका मोठा, तितकी पकड चांगली. या एका सरकण्याला आमच्याकडे ‘वॉक’ म्हणतात. असे पाच वॉक घेऊन सरासरी काढायची. ती ०.३० किंवा त्याच्या वर आली, की त्या मालाच्या खोक्यांवर हिरवा शिक्का बसतो: ‘वॉक टेस्ट पास’.

ताई हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत आहे. तिथे आमचेच बूट जातात. गेल्या आठवड्यात तिला नवा जोड मिळाला आणि तो घालून ओल्या चादरींची पहिलीच ट्रॉली ढकलताना ती पडली. घोटा दोन जागी मोडला. संध्याकाळी सुपरवायझर हॉस्पिटलात आला. मी कॉटच्या बाजूला उभीच होते.

“बाई, भिंतीवर काय लिहिलंय आपल्याकडे?”

“वॉक, डोन्ट रन,” ताई म्हणाली.

“मग पळालात कशाला?”

“दोन माणसांच्या वजनाची ट्रॉली घेऊन तुम्ही पळून दाखवा. मी झोपल्या झोपल्या टाळ्या वाजवते.”

“जीभ मात्र शाबूत आहे.” तो माझ्याकडे वळला. “तुम्हीच सांगा. बुटावर पासचा शिक्का आहे. फरशी सगळ्यांना तीच आहे. मग राहिलं काय? यांचं चालणं. सोमवारी मोठ्या साहेबांसमोर विषय आहे. ज्यांना नीट चालता येत नाही त्यांना ठेवून घेणं आम्हाला परवडत नाही.”

तो गेल्यावर ताई म्हणाली, “मेल्याचा वॉक झाला एकदाचा.” लाँड्रीतल्या बायका त्याच्या फेरीला वॉक म्हणतात. हात मागे बांधून तो निघाला, की या टोकापासून त्या टोकापर्यंत कुजबुज जाते, ‘वॉक सुटला गं.’ दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या बाई आल्या. त्यांनी वॉकर दिला आणि सांगितलं, पलंगापासून दारापर्यंत जाऊन परत, हा एक वॉक, असे दिवसातून चार. पहिल्याच वॉकला अर्ध्या वाटेत ताईने ओठ चावला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला रडताना मी लहानपणापासून दोनदाच पाहिलं असेल.

माझं डोकं फिरलं होतं. भिंतीवर रंगवलेला वॉक, त्या माणसाचा मिरवायचा वॉक, आमच्या लोखंडी पावलाचा वीतभर वॉक. भिजलेल्या फरशीवर पोट हातावर घेऊन खरोखर चालत होती ती एकटी ताई, आणि चालता येत नाही म्हणून घरी बसवणार होते तेही तिलाच.

ताईला घरी आणलं त्या दिवशी भावजींनी हॉस्पिटलची पिशवी माझ्यासमोर रिकामी केली. त्यात तो डावा बूट होता. मी सवयीने उलटा केला, तोंडाजवळ धरून पाहिला आणि सोलवरून अंगठा फिरवला. अंगठा कुठेच अडला नाही. खाचांच्या कडांवरूनही सरळ निघून गेला.

“वास काय घेतेस त्याचा?” ताई पलंगावरून म्हणाली. “आधीच पाय मोडलाय, अब्रू तरी राहू दे.”

“ताई, हे सोल घासलं होतं कुणी? पॉलिश पेपरने?”

“नवा बूट कोण घासतं गं? पायात घातला. बुटाचं तेच करतात ना?”

सोल साच्यात ओतण्याआधी साच्याला आतून एक तेल मारतात, म्हणजे रबर चिकटत नाही. त्याचा पातळ थर सोलवर राहतो. प्रयोगशाळेत नमुना आला, की मशीनला लावण्याआधी आम्ही तो थर पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसतो. ‘नमुन्याची तयारी’ म्हणतात त्याला. कारण असं, की थर कुठे जाड, कुठे पातळ असतो आणि आकडे वर-खाली होतात. खोक्यात भरून बाहेर जाणारे बूट मात्र कुणीच घासत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेच्या प्रमुखांसमोर उभी राहिले. त्यांना सगळे मागून डेसिमल साहेब म्हणतात. दशांश चिन्हानंतर दोन आकडे नसले, तर ते चहाची वेळसुद्धा मान्य करत नाहीत.

“तयारी न करता एक जोड लावायचाय,” मी म्हणाले.

“लावता येणार नाही. तयारी पद्धतीत आहे.”

“सर, आपण बूट तयार करून तपासतो आणि विकतो बिनतयारीचा.”

“दोन दिवस वापरला की थर निघून जातो.”

“मग दोन दिवस काय, उडत जायचं कामाला?”

“आवाज खाली.” त्यांनी चष्मा काढला. “हे बघ, ताईचं वाईट वाटतंय, मान्य. पण घरचं रडगाणं इथे आणू नकोस. बिनतयारीच्या नमुन्याचे आकडे विखुरतात. त्यांना शास्त्रात किंमत नाही.”

“घसरायला किंमत कुठे लागते, सर? विखुरलेल्या आकड्यावरून पडलेलं माणूसही मोडतंच की.”

“बाहेर जा.”

मी बाहेर आले. सुपरवायझरला फोन लावला. तिसऱ्या खेपेला लागला. ताई पळाली नाही, बूटच घसरला, असं मी सांगितलं.

“तुमच्या ताईंनी शिकवलंय वाटतं बोलायला,” सुपरवायझर म्हणाला.

“तुम्हाला सिद्ध करायचंय ना, बूट चांगला आणि ताई वाईट? मग सोमवारच्या मीटिंगआधी इकडे या. तुमच्या स्टोअरमधलं बंद खोकं आणा. तुमच्या हाताने फोडा. तुमच्यासमोर मोजते. पास झाला, तर ताईच्या वतीने मी माफी मागेन, तुमच्या मोठ्या साहेबांसमोर.”

तो इतका खुश झाला, की वेळेच्या आधीच हजर झाला.

आणि आता तो टेबलापाशी उभा होता, हात मागे बांधून. डेसिमल साहेब दारातून आत आले, सात बूट पाहिले आणि लाल झाले.

“मी नाही म्हटलं होतं.”

“करू द्या हो,” सुपरवायझर म्हणाला. “वर्षाला एवढा माल घेतो आम्ही तुमच्याकडून. एकदाचं यांचं तोंड बंद होऊ दे.”

गिऱ्हाईकाचा शब्द मोडणं डेसिमल साहेबांना परवडणारं नव्हतं. ते खुर्ची ओढून बसले.

आधी मी आमचा तयार केलेला बूट लावला. पाच वॉक. सरासरी ०.३६.

“बघा!” सुपरवायझरने मांडीवर थाप मारली. “मी काय म्हणत होतो?”

“आता तुमचं खोकं फोडा.”

त्याने हिरव्या शिक्क्यावरूनच नख फिरवून झाकण उघडलं आणि उजवा बूट काढून दिला. मी तो लोखंडी पावलाला चढवला. पॉलिश पेपर डेसिमल साहेबांच्या कोपरापाशी पडला होता. त्यांनी तो बोटाने माझ्याकडे सरकवला, फार नाही, जरासा.

“नको,” मी म्हणाले, आणि बटण दाबलं.

पहिल्या वॉकनंतर सुपरवायझर स्क्रीनजवळ आला. दुसऱ्यानंतर त्याने मागचे हात सोडले. तिसऱ्यानंतर म्हणाला, “मशीन बिघडलं का हो?”  डेसिमल साहेब उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. चौथा आणि पाचवा वॉकही झाला.

मग मी ताईचा डावा बूट घेतला. त्याच्या नाडीची गाठ अजून तशीच होती. ती सोडवून बूट चढवला, फरशी पुन्हा भिजवली, पाच वॉक घेतले आणि तिन्ही ओळी फळ्यावर लिहिल्या, सुपरवायझरच्या साहेबांना फोनवरून फोटो पाठवता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.

घासलेला नमुना: ०.३६.
बंद खोक्यातला उजवा: ०.१२.
ताईचा डावा: ०.१३.