तिसरी टाकी

"तिसरी टाकी वगळली आहे," मोठे साहेब म्हणाले आणि नकाशा गुंडाळू लागले. "पुढच्या टप्प्यात बघू."

"पुढचा टप्पा कधी?"

"बाई, आता तुम्हीसुद्धा?"

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या त्या प्रकल्पाची ती व्यवस्थापक. हाताखालचे लोक पाठीमागे तिला साखरबाई म्हणत. चिडलेल्या माणसाला पुरतं बोलू द्यायचं आणि मगच आपण तोंड उघडायचं, हे तिचं कसब. नवे इंजिनिअर ते शिकायला तिच्याकडे पाठवले जात. पहिल्या दोन टाक्यांत नुसता गाळ बसणार होता; कारखान्यांच्या रंगातलं विष निघणार होतं ते तिसरीत. मासेमारांच्या वस्तीनं काठावरून खाडीत पाणी सोडणारा नळ टाकू दिला होता, तो तिसऱ्या टाकीच्या बोलीवर. आणि तो शब्द तिनं दिला होता.

तिनं साहेबांचंही सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, टाकी लहान करू, पुढची बाग आणि कमान रद्द करू.

साहेब हसले. "कमानीची फीत कापता येते. टाकीची कोण कापतं? तुम्ही फक्त वस्तीला सांभाळून घ्या. तुमचं ऐकतात ते."

"खोटं सांगू?"

"खोटं कशाला? सगळं सांगायचं नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवशी ती वस्तीत गेली. सगळे जिला आत्या म्हणत ती जाळं विणत बसली होती. वस्तीत तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. आजूबाजूचे जमले. साखरबाईनं एका दमात सांगून टाकलं, "तिसरी टाकी होणार नाही. पाणी तसंच खाडीत येईल. नळ अडवायचा तर आत्ताच अडवा."

कुणी ओरडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्यांपुढे कसं बसायचं ते तिला ठाऊक होतं.

"अडवायचं कशानं?" आत्या म्हणाली. "कागदावर अंगठे आमचेच ना? बाकीचे नको म्हणत होते. मी म्हटलं, ही पोर खोटं बोलायची नाही."

"मी खोटं बोलले नव्हते, आत्या."

"नसशील. पण अंगठे घेतलेस ना?"

साखरबाई उठली तेव्हा वाट द्यायला लोक बाजूला झाले, तेवढेच.

तरी वस्तीनं नळ अडवला. दुसऱ्याच सकाळी पोलीस आले आणि तो मोकळा झाला. तिला प्रकल्पावरून काढून मुख्य कचेरीत बसवलं. कमानीची फीत कापली त्या दिवशी ती रजेवर होती. पहिल्याच उन्हाळ्यात खाडीत मासे पांढरी पोटं वर करून तरंगले.

पुढे एकदा बाजारात तिला आत्या दिसली. पुढ्यात पाटी होती, पाटीत बर्फ. साखरबाई गर्दीआडच थांबली.

एका गिऱ्हाइकानं मासा दाबून पाहिला. "खाडीतले ताजे आहेत ना गं?"

"नाही. बाहेरगावचे. गाडीनं येतात."

"ती पलीकडची तर खाडीतले म्हणून देतेय."

"मग तिच्याकडून घ्या," आत्या म्हणाली.

गिऱ्हाईक पलीकडे गेलं. आत्यानं दाबलेला मासा सरळ केला आणि त्याच्यावर मूठभर बर्फ सारला.