डब्यातला पेजर

सत्त्याण्णव साली मी आणि चंदू कोळ्याने मिळून एक पेजर घेतला. माजिवड्याच्या कारखान्यात आम्ही दोघेही बदली कामगार. कायमचा माणूस आला नाही तर आम्हाला बोलावणं. फोन दोघांकडेही नाही. म्हणून नंबर एक, माणसं दोन, आठवडा-आठवडा पाळी. निरोप कुणाचाही येवो, पेजर ज्याच्याकडे त्याने दुसऱ्याकडे धावायचं. माझी चाळ त्याच्या कोळीवाड्याला लागूनच.

कारखान्याचा कारकून सीताराम हसला. "लेको, नवराबायको एक टूथब्रश वापरत नाहीत, तुम्ही पेजर वापरणार?"

भादव्यात एक जागा कायम भरायची ठरली. सहा वर्षं मी तिच्यावर डोळा ठेवून होतो. यादीत पहिलं नाव माझं, दुसरं चंदूचं. त्या आठवड्यात पेजरची पाळी चंदूची. रोज संध्याकाळी मी विचारायचो, "वाजला?"

"नाय रे. मुका हाय मेला."

शुक्रवारी मीच गेलो. सीताराम भडकला. "शिवराम, मंगळवारी तुला निरोप टाकला, बुधवारी चंदूला. मेलेलात काय दोघं? काल चांगदेवला घेतला!"

चांगदेवही आमच्यासारखाच बदली, पण त्याच्याकडे पेजर नव्हता. तो रोज सकाळी गेटसमोरच्या दगडावर येऊन बसायचा. बस्स.

सहा वर्षं कारखान्याला आमचे हात चालले, पण दहा मिनिटांच्या अंतरावर एक माणूस पाठवायला यांचे पाय मोडत होते.

मी तडक धक्क्यावर. चंदू होडी धूत होता.

"पेजर काढ!"

त्याने फळीखालून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा काढला. डब्यात पिशवी, पिशवीत पेजर.

"खारं पाणी लागू दिलं नाय. बघ, कसा नवा हाय!"

"अरे बैला, लोखंडाच्या पेटीत रेडिओ लागतो का कधी?"

तो डब्याकडे बघतच राहिला. "घरी पण डब्यातच ठेवलेला. आय बोलली, उंदीर कुरतडतील."

"दुसरं नाव तुझं होतं, चंदू. तुझी नोकरी पण त्यातच गुदमरली."

त्याने पेजर माझ्या हातात दिला आणि रिकामा डबा खाडीत भिरकावला. पिशवी मात्र नीट घडी करून खिशात ठेवली. असल्या माणसाला मारणार तरी कुठे?

सोमवारी सकाळी आम्ही दोघे गेटसमोरच्या दगडावर. पेजर चंदूच्या गळ्यात, जाळ्याच्या दोरीला बांधलेला. आत चांगदेव हजेरी लावत होता.

पेजर वाजला. दोघेही त्याच्यावर तुटून पडलो.

पेजरच्या कंपनीने गणपतीच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या.