निम्मं परकं

लग्नानंतरच्या सहा वर्षांत तीन वेळा हरणाची कूस भरली आणि तिन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात रिती झाली. अठ्ठ्याहत्तर साली चौथ्यांदा दिवस गेले, तेव्हा सासू मनुबाईनं तिला एसटीत घालून मिरज गाठलं.

डॉक्टरीणबाई सांगू लागल्या, "आईच्या रक्तात पहारेकरी असतात. परकं दिसलं की धावून जातात. पोटातलं बाळ निम्मं बापाचं. म्हणजे आईच्या अंगाला निम्मं परकंच."

"माझ्या लेकाचं परकं?" मनुबाई उसळली. "पलटणीत हाय त्यो, चोर न्हवं!"

हरणा पदराआड हसली. कितीतरी महिन्यांनी.

"त्या पहारेकऱ्यांना शांत करणारा एक रस बाईच्या अंगात असतो, प्रोजेस्टेरॉन. असं आता काही संशोधक म्हणतायत. हिला तो कमी पडत असावा. दर गुरुवारी इंजेक्शन देऊ. खात्री मात्र देत नाही."

"मंजी... नव्या माणसावरनं भाकरतुकडा ओवाळून मग घरात घ्यायचं, तसं?"

"अगदी तसं."

मनुबाईचा चेहरा उतरला. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हरणे, तू नवरी हून उंबऱ्यावर आलीस, तवा म्या भाकरतुकडा ओवाळला न्हाई. दुसरी पोरगी हेरली हुती. रागानं चुलीम्होरं बसून ऱ्हायले."

"ठावं हाय, आत्याबाई. मला वाटलं, घरात भाकरीच न्हाई."

मनुबाई हसता हसता रडली.

मग एकही गुरुवार तिनं चुकू दिला नाही. तेलकट औषधानं हरणाची कंबर ठणकायची. एसटीच्या प्रत्येक धक्क्याला मनुबाई तिच्या पोटावर हात धरून गुणगुणायची:

पाव्हणा आला दारी, नको काठी रं उगारू
निम्मं लेकाचं माझ्या, निम्मं सुनंचं लेकरू

तिसरा महिना आला. दोघी एकेक दिवस मोजू लागल्या. तो सरला. चौथा सरला, सातवा सरला, नववा भरला. मिरजेच्या दवाखान्यात पोरगी अशी खणखणीत रडली, की मनुबाईनं व्हरांड्यात फुगडीच घातली, एकटीनं.

बाळंतीण घरी आली. पलटणीतून रजेवर आलेला तिचा नवरा कृष्णात गाठोडं घेऊन मागं उभा. उंबऱ्यात मनुबाई, हातात भाकरी आणि पाण्याचा तांब्या.

"आये, पोरीवरनं ओवाळ की!"

"गप रं. आधी हिचा लंबर. सात वर्सं उंबऱ्यावर हुबी हाय."

भाकरतुकडा हरणावरून तीनदा फिरला आणि लांब जाऊन पडला. मग दुसरा तुकडा मोडला, नातीसाठी.

"या गं," मनुबाई गल्लीभर ऐकू जाईल अशी गरजली, "दोघी आत या!"