आरशातलं सासर

प्राणिसंग्रहालयातले फ्लेमिंगो सांभाळणारा तो माणूस सासरी ‘कोंबडीवाले जावई’ म्हणून ओळखला जाई. मोठा साडू बँकेत, धाकटा औषधांच्या कंपनीत, हा चिखलात.

फ्लेमिंगोंचं एक असतं: भोवती गर्दी नसली की त्यांना संसार सुचत नाही. इथे ते होते जेमतेम चौदा. म्हणून संग्रहालयाच्या डॉक्टरीणबाईंनी तळ्याभोवती माणूसभर उंचीचे आरसे उभे करवले. चौदांचा थवा दिसू लागला, पक्ष्यांना धीर आला आणि एका जोडीने चिखलाचा बुटका बुरूज रचून त्यावर अंडं घातलं. या तळ्यावरचं पहिलंच.

“पिल्लू निघेपर्यंत आत फक्त तुम्ही,” बाईंनी बजावलं. “माशीसुद्धा मला विचारून सोडायची.”

पण बातमी त्याच्या पोटात राहीना. बाईंच्या सुट्टीचा दिवस गाठून त्याने आपल्या किल्लीने मागचं फाटक उघडलं आणि सासू, सासरे, बायको, दोन्ही साडू असं अख्खं सासर आत घेतलं.

सासरे निवृत्त शिंपी. ते डोळे बारीक करून म्हणाले, “याच्या पँटला कापड पुरवायचं म्हणजे दुकान बुडालं! आणि गुडघा उलटा वळतोय, जावईबापू. माप चुकलंय.”

“तो गुडघा नाही मामा, घोटा. गुडघा वर पिसांत झाकलाय. आता खाणं बघा. आधी पायाने चिखल ढवळायचा, मग मुंडी उलटी करून चोचीने पाणी गाळायचं.”

“बरंच ठाऊक आहे हो तुम्हाला,” सासरे म्हणाले.

लग्नानंतरची ही पहिली शाबासकी. त्याची छाती फुगली. “या, अंडं जवळून दाखवतो.”

मंडळी पुढे सरकली आणि आरशांनी आपलं काम चोख बजावलं. पक्षी कोण, सासर कोण, हे त्यांना थोडंच कळतं? सहा माणसांचा मोर्चा झाला. चहूकडून चष्मे, पोटं आणि मोठ्या साडूचं टक्कल चाल करून आलं. पक्षी उधळले. बुरुजावरची मादी धडपडत उठली, तिची लांब तंगडी अंड्याला लागली आणि ते घरंगळून काठच्या दगडावर फुटलं.

मग सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “कुत्रं शिरलं म्हणा. आम्ही आहोत साक्षीला.”

सासर पहिल्यांदाच त्याच्या पाठीशी उभं राहिलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्याने तसंच सांगितलं. बाई काठावर बसून टरफलाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी म्हाताऱ्या पहारेकऱ्याला बोलावलं. “काका, फाटक उघडं राहिलं होतं?”

“कडी लावली होती बाई. म्हणजे... लावली असेल. हल्ली विसरायला होतं.” म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. “माझंच चुकलं असेल.”

याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “कुत्रं नव्हतं, बाई.”

“मग?”

“माझं सासर होतं. मीच आणलं.”

बाई हसल्या असत्या, निदान ओरडल्या असत्या, तरी बरं झालं असतं. त्यांनी नुसता हात पुढे केला. त्याने किल्ली त्यांच्या तळव्यावर ठेवली.

पहारेकरी पुढे झाला. “म्हणजे मी कडी लावली होती ना रे?”

“लावली होती, काका,” तो मान वर न करता म्हणाला.