अजिबातची वाक्यं

पाणी फार गरम तर नाही ना, हे पाहायला तिने टबात कोपर बुडवलं आणि मगच बाईंचे पाय एकेक करून आत सोडले. बाईंनी सुस्कारा टाकून डोळे मिटले. दुपारच्या विश्रांतीची वेळ होती. वृद्धाश्रमाच्या लांबलचक व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. खिडकीबाहेर दोरीवरच्या चादरी वाऱ्याने फुगायच्या, पुन्हा खाली बसायच्या आणि त्यांच्याबरोबर खोलीतला उजेडही मागेपुढे व्हायचा. या वेळी या खोलीत आलं की आपण संथ पाण्याच्या तळाशी बसलोय, वरचं जग कुठेतरी दूर चाललंय, असं तिला वाटे.

"ॲट ऑल," बाई डोळे न उघडताच म्हणाल्या. "आपलं 'अजिबात'. नकाराला जोर द्यायला वापरायचं. प्रश्नातही चालतं. तीन वाक्यं कर."

"होकाराला नाही चालत?"

"नाही."

"का हो बाई?"

"होकाराला जोर द्यायची पाळी आली, की समजावं कुठेतरी पाणी मुरतंय. 'नक्की येतो' म्हणून गेलेला माझा पुतण्या अजून जिन्यातच आहे."

ती हसली, आणि वाकून बाईंच्या टाचा चोळू लागली.

इथे तिला सगळे घाईताई म्हणत. कुणाला भरवायचं, कुणाला कुशीवर वळवायचं, कुणाची चादर बदलायची. मागे वाघ लागल्यासारखी ती दिवसभर खोल्याखोल्यांतून पळत असे. तिच्या दिवसात एवढा एक तास तेवढा निवांत होता. मुलीचा अभ्यास घ्यायचाय, थोडं इंग्रजी शिकवाल का, असं तिनेच वर्षभरापूर्वी बाईंना विचारलं होतं. मुलीचं म्हणाल, तर ती आठवीतली पोर आईला पुस्तकांच्या आसपासही फिरकू देत नव्हती. खरी गोष्ट वेगळीच होती. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या रुग्णालयाला इंग्रजी बोलणाऱ्या आया हव्या होत्या. आठ तासांची पाळी, रविवारची हक्काची सुट्टी, राहायला खोली. तिचा नवरा रात्री बेकरीत भट्टीवर. ती घरी यायची तेव्हा तो निघायचा. दोघं दारात एकमेकांच्या हातात किल्ली द्यायची आणि त्यालाच संसार म्हणायची. ती नोकरी आता तिला मिळाली होती. पहिल्या तारखेपासून जायचं होतं. मेट्रनपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बाईंना सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. "उद्या मी त्यांच्या कानावर घालणार आहे," मेट्रनने सकाळी बजावलं होतं. "त्याआधी तू सांग. तुझ्या तोंडून ऐकू दे त्यांना."

"झालं का पहिलं वाक्य?" बाईंनी विचारलं.

बाईंची शिकवायची एक तऱ्हा होती. वाक्य शुद्ध असून भागत नसे, ते खरंही असावं लागे. त्या डोळे मिटून ऐकत. वाक्य पटलं तर डोळे उघडत, नाहीतर नाही. शाळेत शिकवत असताना, 'माझ्या मामाकडे घोडा आहे' असं बिनचूक वाक्य लिहिणाऱ्या मुलाला त्यांनी मामाला घेऊन यायला सांगितलं होतं म्हणे.

"द वॉटर इज नॉट हॉट ॲट ऑल," ती म्हणाली.

बाईंनी पाण्यात बोटं हलवून पाहिली. डोळे उघडले. "बरोबर."

"समोरच्या खोलीतले आजोबा... डू नॉट..."

"डझ नॉट."

"डझ नॉट स्लीप ॲट ऑल."

समोरच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. दोघी थोडा वेळ तो ऐकत राहिल्या.

"रोज तक्रार करतात तसं माझ्याकडे," ती ओशाळून म्हणाली.

"मग त्यांनीच यावं शिकायला. चूक."

तिने बाईंचा एक पाय मांडीवरच्या टॉवेलवर घेतला, पुसला आणि नखं कापायला घेतली. कोमट पाण्याने नखं मऊ झाली होती. आता सांगावं, असं तिने मनाशी ठरवलं. तिसरं वाक्य तेच करावं, म्हणजे एकदाचं सुटेल. पण पोटात एक आणि ओठांत एक झालं.

"आय ॲम नॉट इन अ हरी ॲट ऑल."

वाक्य कसं सफाईने आलं. बाईंचे डोळे मात्र मिटलेलेच राहिले. बाहेर चादरी फुगल्या, उजेड पार भिंतीपर्यंत गेला, परत आला. बाईंना झोप लागली असावी, असं वाटून तिला हायसं वाटलं. तिने एका पायाची नखं संपवली, दुसरा पाय मांडीवर घेतला.

"व्याकरण बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

ती नखं कापत राहिली.

"आता प्रश्नातलं एक मी करते. विल यू कम ॲट ऑल? म्हणजे, थोडंफार तरी येणं होईल का तुझं? पहिल्या तारखेनंतर."

तिचा हात जागच्या जागी थांबला.

"मेट्रननी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मांजराने डोळे मिटून दूध प्यायलं, तरी घरातल्यांचे डोळे उघडेच असतात. मुलीच्या अभ्यासासाठी शिकणारी, एकदा तरी मुलीचं पुस्तक घेऊन आलीस का? आणि मी तुला काय विचारत होते गेले कित्येक दिवस? आधीची नोकरी का सोडता. रुग्ण अंगावर ओरडला तर काय कराल. आठवीच्या पुस्तकात असतं होय हे? तारीख तेवढी झाडूवाल्या मावशींच्या बोलण्यातून कळली."

तिला मोठ्या रुग्णालयातली मुलाखत आठवली. टेबलापलीकडून प्रश्न यावा आणि हिच्या तोंडून उत्तर तयार निघावं, असं चाललं होतं. येताना बसमध्ये ती सगळा वेळ नशिबाचे आभार मानत बसली होती. आता तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त, या बाईंविषयी एवढी माया दाटून आली की नखं दिसेनात. तिने बाहीने डोळे पुसले.

"एका शब्दाने बोलला नाहीत, बाई."

"तू बोलत नव्हतीस. मी कशी बोलणार? ते असू दे. माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं."

येस, आय विल. उत्तर तोंडात तयार होतं, आखूड आणि शुद्ध. पण तिच्या आधीची आया आठवली. जाताना एकेकाच्या गळ्यात पडून रडली होती, 'दर रविवारी येईन' म्हणाली होती. नंतर रविवारी दुपारी म्हातारी माणसं विचारायची, आणि ही सांगायची, बस चुकली असेल हो, पाहुणे आले असतील. एक दिवस त्यांनी विचारणंच सोडलं. नव्या रुग्णालयातून इथे यायला दोन बस बदलाव्या लागणार होत्या. रविवारी घरी मुलगी असणार होती, आणि कित्येक वर्षांनी दिवसाउजेडी शेजारी बसलेला नवरा.

तिने बाईंचा पाय बोटांच्या बेचक्यांपर्यंत नीट कोरडा केला.

"बाई, येईन म्हणायला जीभ वळत नाहीये. यायचं तर फार आहे मनात. पण मी ओळखते ना मला. पहिले दोन रविवार येईन, मग एखादा चुकेल. मग तोंड दाखवायची लाज वाटेल, आणि त्या लाजेपायीच मी यायची नाही. त्याचीच भीती वाटते मला."

समोरचं घोरणं मध्येच थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"हे इंग्रजीत सांग," बाई म्हणाल्या.

"एवढं सगळं?"

"एवढं सगळं."

"मला नाही जमायचं ते, बाई." ती टब उचलायला वाकली.

"राहू दे तो तिथेच. 'भीती वाटते'पासून सुरुवात कर," बाई म्हणाल्या, आणि पाय आत ओढून घेऊन त्यांनी पलंगावर तिला बसायला जागा केली.