ताईफच्या घाटातली चावी

नळदुर्गच्या हायवेवर धुळाप्पाच्या ढाब्यात रोज दुपारी चार वाजता ताईफचा घाट उतरला जायचा. उतरवणारे खाजामियाँ. बावीस वर्षं सौदीत ट्रेलर हाकून आलेले, आणि आता खाटेवर बसून तोच ट्रेलर हाकणारे. आधी वाळूचं वादळ यायचं, त्यात ते तीन दिवस ट्रेलरखाली पडून राहायचे. मग घाट. चाळीस टन सिमेंट, एका अंगाला दरी, ब्रेक गेलेला. सगळ्यांत अवघड वळणावर खाजामियाँ शांतपणे चावी काढत, खिशात टाकत, अल्लाचं नाव घेत, आणि ट्रेलर मुकाट उभा राही. ऐकणाऱ्यांचा चहा गार व्हायचा.

ही चावी मूळ गोष्टीत नव्हती. ती सांगण्याच्या तिसऱ्या वर्षी आली आणि लोकांना आवडली म्हणून राहिली.

त्या मंगळवारी त्यांचा मुलगा साजिद तुळजापूरजवळ कोंडीरामच्या शेतातून कांदा भरून सोलापूरला निघाला होता. पिकअपमध्ये शेजारी आई कुलसुमबी, तिला डोळे दाखवायचे होते. खिडकीशी खाजामियाँ, त्यांना फक्त खिडकी पाहिजे होती.

"ताईफपुढं हा तुळजापूरचा घाट म्हणजे अंगणातला उतार," ते म्हणाले.

घाटाला ते आवडलं नसावं.

उतार लागताच साजिदनं गाडी न्यूट्रल केली. उताराला फुकट डिझेल कशाला जाळायचं, ही विद्या त्याला कुणी शिकवली नव्हती. आपल्याकडं ती हवेतूनच मिळते. वेग वाढला की तो ब्रेक दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. तिसऱ्या वळणाला कुलसुमबीनं नाक मुरडलं.

"कुणाचं दूध करपलं का?"

खाजामियाँनी वास ओळखला. दूध नव्हतं ते, ब्रेकचे लायनर जळत होते.

"साजिद, गेर टाक."

"आधी जरा दाबतो, अब्बा." त्यानं पाय दाबला. पायडल पार खाली गेलं आणि तिथंच बसलं. त्यानं पुन्हा दाबलं. "अब्बा, ब्रेक न्हाय."

गाडी सत्तरवर गेली. मागं कांद्याच्या गोण्या एका अंगाला सरकल्या. समोरून भाविकांची बस चढत येत होती. ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न दिला. साजिदनं कसंबसं वळण काढलं. बस आरशाला चाटून गेली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळ्यांत एक भलताच विश्वास होता. बापाची गोष्ट त्यानं लहानपणापासून ऐकली होती. अक्षरन् अक्षर पाठ होती.

त्यानं हात चावीकडं नेला.

खाजामियाँनी ते पाहिलं. चावी काढली की स्टिअरिंगला कुलूप. पुढं वळण, वळणापुढं मोकळं आभाळ.

"चावी सोड!"

"तुमीच सांगता ना! चावी काढून खिशात..."

"झूट हाय ते! म्या वाढवलेलं हाय! सोड चावी!"

साजिदची बोटं चावीवर तशीच. त्या अर्ध्या क्षणात पोराला कळेना, कुठल्या बापाचं ऐकायचं. कुलसुमबीनं त्याच्या मनगटावर फाडकन चापट मारली. हात सुटला.

"आता ऐक," खाजामियाँ म्हणाले, आणि त्यांचा आवाज ढाब्यावरचा नव्हता. "आक्सिलेटर दे. तिसरा टाक."

गेर किंचाळला आणि बसला. इंजिननं गाडीची मान धरली.

"हँडब्रेक वढ, सोड. वढ, सोड. एकदम न्हाय. डोंगराच्या अंगानं ऱ्हा. आता दुसरा."

गाडी चाळीसवर आली, मग तीसवर. वळणापलीकडं रस्त्याच्या कामाची खडी पडली होती. तीन वर्षं पडून होती. ती हलवा म्हणून गावागावांतून अर्ज गेले होते. साजिदनं गाडी तिच्यात घातली. नाक गुडघाभर रुतलं, दहा-बारा गोण्या रस्त्यावर गेल्या, आणि सगळं थांबलं. एकही अर्ज मंजूर झाला नव्हता, हे बरंच झालं.

कांदे एकेक करून सोलापूरच्या दिशेनं निघाले होते.

"मग ताईफला तुमी गाडी अशी उतरवली व्हय?" साजिदनं विचारलं.

"म्या न्हाय. गुलखान पठाणानं. आमच्या खोलीत ऱ्हायचा. रोज जेवताना तेच सांगायचा."

कुलसुमबीनं पदरानं तोंड पुसलं. "मग बावीस वर्षं तुमी कुठं चालवत व्हता?"

"दम्माम ते रियाध."

"घाट?"

"सपाट. लई झोप यायची."

साजिद स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. त्याचे खांदे हलत होते. रडतोय की हसतोय ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग मान वर न करताच त्यानं विचारलं, "आन् वाळूचं वादळ? तीन दिवस ट्रेलरखाली?"

"ते खरं हाय," खाजामियाँ म्हणाले. बायकोकडं पाहिलं. मग खडीकडं.

"दीड दिवस."